शाळेच्या रंगमंचासाठी लाईट बोर्ड घेताना : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेच्या सभागृहाचे काम पूर्ण होत आले की पडदे, खुर्च्या, माईक, स्पीकर यांवर भरपूर चर्चा होते. दिवे कसे चालवायचे, हा प्रश्न मात्र स्नेहसंमेलन महिन्यावर आल्यावर निघतो. मग दोन-तीन कोटेशने मागवली जातात, त्यांतले आकडे कोणाला नीट कळत नाहीत, आणि एक तर सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत दिमाखदार पेटी घेतली जाते. गेली अनेक वर्षे शाळांच्या नाटकांना प्रकाश देताना मी अशा कित्येक पेट्या पाहिल्या. काही पहिल्या वर्षानंतर कपाटात गेल्या, तर काही दहा वर्षे रोज वापरात राहिल्या. हा फरक क्वचितच किमतीमुळे पडला. बहुतेक वेळा तो घेण्याआधीच्या समजुतींमुळे पडला. त्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : कन्सोल जितका मोठा, तितका प्रकाश चांगला.

वस्तुस्थिती : कन्सोल, म्हणजे लाईट बोर्ड, प्रकाश देत नाही, तो फक्त आकडे पाठवतो. कन्सोल आणि दिवे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचे नाव डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये ती ठरवली, कारण त्याआधी प्रत्येक कंपनीचा बोर्ड फक्त स्वतःच्याच डिमरशी, म्हणजे दिवे मंद-तेज करणाऱ्या यंत्राशी, बोलायचा. या भाषेत एका वायरीतून ५१२ आकडे जातात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला असतो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. दहा हजारांची पेटी असो वा दहा लाखांचा कन्सोल, वायरीतून जाणारा '१२८' हा आकडा तोच असतो आणि दिवा त्याला तेच उत्तर देतो.

प्रकाश चांगला होतो तो दिवा कुठे टांगला, कोणत्या कोनातून सोडला आणि कधी बदलला यावर. कोलकात्यात १९५९ साली प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी 'सेतू' नाटकात रंगमंचावरून धडधडत जाणारी आगगाडी केवळ प्रकाशातून उभी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये त्यांनी खाणीत चढत जाणारे पाणी प्रकाशानेच दाखवले. तेव्हा संगणकी कन्सोल नव्हते. म्हणून शाळेकडे ठरावीक रक्कम असेल, तर आधी पात्रांचे चेहरे दिसतील असे समोरचे दिवे, ते टांगायला मजबूत पाईप आणि सुरक्षित वायरिंग घ्यावे. उरलेल्या पैशांत बसेल तो कन्सोल घ्यावा. उलट क्रमाने गेलेल्या शाळेत उत्तम कन्सोल असतो आणि रंगमंचावर नायिकेचा चेहरा अंधारात असतो.

गैरसमज २ : २४ फेडर म्हणजे २४ दिवे.

वस्तुस्थिती : फेडर म्हणजे बोर्डावरची वर-खाली सरकणारी खुंटी. एका फेडरला एक दिवा हे जुन्या दिव्यांच्या काळात खरे होते. साध्या हॅलोजन दिव्याला एकच आकडा, म्हणजे एकच चॅनेल, लागतो : किती उजळायचे. एलईडी पार या रंगीत दिव्याला लाल, हिरवा, निळा, पांढरा, एकूण तीव्रता, लखलखाट असे मिळून सात-आठ चॅनेल लागतात. मान फिरवणाऱ्या मूव्हिंग हेड दिव्याला सोळा किंवा त्याहून जास्त.

एका मध्यम सभागृहाचा हिशेब करू. १२ हॅलोजन दिव्यांचे १२ चॅनेल. प्रत्येकी ८ चॅनेलच्या १२ एलईडी पारचे ९६. प्रत्येकी १६ चॅनेलच्या २ मूव्हिंग हेडचे ३२. एकूण १४०. म्हणजे २४ फेडरच्या साध्या बोर्डाला हे पेलणार नाही, पण ५१२ च्या एका ओळीत ते आरामात बसते आणि पुढे दिवे दुप्पट झाले तरी जागा उरते. त्यामुळे '२०४८ चॅनेल' असे ठळक छापलेल्या पत्रकाला भुलण्याचे कारण नाही. कोटेशन मागवण्याआधी हा हिशेब आपल्या सभागृहापुरता कागदावर मांडा. पुढची दहा वर्षे धरून आकडा दीडपट करा. बहुतेक शाळांचे उत्तर ५१२ च्या आतच येते.

गैरसमज ३ : डीजेकडे असतो तो कंट्रोलर नाटकालाही चालतो.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त शाळा इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू. बाजारात सहज मिळणारी, वरातीपासून गणेशोत्सवापर्यंत सगळीकडे दिसणारी पेटी बहुधा १९२ चॅनेलची असते. हे १९२ म्हणजे १२ दिव्यांची बटणे आणि प्रत्येकाला १६ चॅनेल. आपल्या हिशेबातले १४० चॅनेल १९२ पेक्षा कमी आहेत, पण दिवे २६ आहेत आणि बटणे १२. म्हणजे दोन-दोन पार एका बटणावर घ्यायचे, हॅलोजनचे सगळे डिमर एकाच बटणाखाली कोंबायचे, आणि कुठला फेडर कशाचा ते ऑपरेटरने अंधारात लक्षात ठेवायचे. त्याच पेटीवर '२४० सीन' असेही लिहिलेले असते. ते खरेच साठवता येतात, ३० बँकांमध्ये आठ-आठ. पण ही रचना नाचाच्या तालावर दिवे पळवण्यासाठी केलेली आहे.

नाटकाची गरज वेगळी असते. आजी गोष्ट सांगत झोपी जाते आणि घरावर रात्र उतरते, असा प्रसंग घ्या. घरातला पिवळा प्रकाश दहा सेकंदांत मावळायला हवा. खिडकीतला निळा पंधरा सेकंदांत चढायला हवा. तो अजून चढत असतानाच दार वाजते आणि दारावरचा दिवा एका सेकंदात यायला हवा. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. यासाठी कन्सोलमध्ये क्यूंची, म्हणजे ठरलेल्या प्रकाशबदलांची, यादी लागते : प्रत्येक क्यूला क्रमांक, चढण्याचा वेगळा वेळ, उतरण्याचा वेगळा वेळ आणि पुढच्या क्यूला नेणारे एकच 'गो' बटण. तालीम चालू असताना दिग्दर्शक म्हणतो, "चौदा आणि पंधराच्या मध्ये एक अंधार टाका." तेव्हा १४.५ क्रमांकाचा क्यू घालता यायला हवा. साध्या पार्टी-कंट्रोलरमध्ये या सोयी नसतात.

ही गरज नवी नाही. ब्रॉडवेवर १९७५ मध्ये 'अ कोरस लाईन' या संगीत नाटकासाठी प्रकाशयोजनाकार थारॉन मसर यांनी स्मृती असलेला संगणकी बोर्ड वापरला. तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवरचा हा पहिलाच असा प्रयोग मानला जातो. त्याआधी ऑपरेटर हातांनी दांडे ओढून प्रकाश बदलायचे, आणि कालचा अचूक बदल आज तसाच होईल याची खात्री नसायची. मुलांच्या नाटकाला ही खात्री मोठ्यांच्या नाटकाहून जास्त लागते. प्रकाश वेळेवर आला की पहिल्यांदाच रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुलाला आपले वाक्य आठवते.

गैरसमज ४ : एलईडी दिवे जुन्या डिमरला जोडले तरी चालतात.

वस्तुस्थिती : चालत नाहीत, आणि बिघडतात. डिमर दिव्याला जाणारा वीजप्रवाह कापून तो मंद करतो. हॅलोजनच्या तारेला ते सोसते. एलईडीच्या आत स्वतःचे इलेक्ट्रॉनिक मंडल असते, त्याला सतत सरळ २३० व्होल्ट लागतात आणि मंद-तेज तो डीएमएक्सच्या आकड्यावरून स्वतः करतो. म्हणून एलईडीसाठी डिमरमधून न जाणारी स्वतंत्र लाईन हवी.

जुने दिवे मात्र लगेच मोडीत काढू नका. कातडीवर पडणारा हॅलोजनचा उबदार प्रकाश आणि शून्यापर्यंत अलगद विझत जाण्याचा त्याचा गुण स्वस्त एलईडीत मिळत नाही. स्वस्त एलईडी खालच्या पातळीवर पायऱ्या-पायऱ्यांनी विझतो, कारण २५६ पायऱ्यांपैकी शेवटच्या दहा-बारा डोळ्यांना स्पष्ट दिसतात. पण हॅलोजनची किंमत विजेत मोजावी लागते. हजार वॅटचा एक दिवा साधारण ४.३ अँपिअर घेतो, असे १२ दिवे ५२ अँपिअरच्या आसपास. हा भार वर्गांच्या वायरिंगवर टाकू नये. मान्यताप्राप्त विद्युत ठेकेदाराकडून वेगळी लाईन आणि पक्के अर्थिंग करून घ्या, कन्सोलचा विचार त्यानंतर.

आणखी एक गोष्ट तपासा. जुने डिमर डीएमएक्स समजतात की ० ते १० व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल? ॲनालॉग असतील, तर नव्या कन्सोलसोबत सिग्नल बदलून देणारी पेटीही लागेल. हे विचारले नाही, तर ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळते.

गैरसमज ५ : लॅपटॉप आहे, मग कन्सोल कशाला?

वस्तुस्थिती : अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे शाळांनी जरूर वापरावे. क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. कॅमसिसचे मॅजिकक्यू लॅपटॉपवर मोफत उतरवता येते. ईटीसी कंपनीचे ईऑस सॉफ्टवेअरही दिवे न जोडता सरावासाठी विनामूल्य वापरता येते. लॅपटॉप आणि दिव्यांच्या मध्ये यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस जोडला की छोटे सभागृह चालवता येते. पैसे अगदीच कमी असतील, तर पार्टी-कंट्रोलरपेक्षा हा मार्ग नाटकासाठी केव्हाही बरा, कारण यात क्यूंची खरी यादी मिळते.

मर्यादा मात्र माहीत हव्यात. हा लॅपटॉप फक्त दिव्यांसाठीच ठेवावा लागतो. परीक्षेचे निकाल आणि गॅदरिंगचे क्यू एकाच यंत्रावर असले, की ऐन प्रवेशात अपडेट सुरू होते किंवा लॅपटॉपची स्क्रीन झोपी जाते. माऊसने एका वेळी एकच गोष्ट हलते. भाषणे, नाच, अचानक बदललेला क्रम अशा कार्यक्रमांत हाताखाली खरे फेडर लागतात. सॉफ्टवेअर आणि फेडरची छोटी पट्टी अशी जोडी अनेक शाळांना पुरेशी ठरते. स्वतंत्र कन्सोल घ्यायचा तो वर्षभर कार्यक्रम असतील आणि चालवणारे हात बदलत राहणार असतील तर.

गैरसमज ६ : केबल काय, माईकचीही चालते.

वस्तुस्थिती : टोके सारखी दिसतात, केबल वेगळी असते. डीएमएक्सचा सिग्नल सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने धावतो आणि त्याला साधारण १२० ओहमच्या जातीची केबल लागते. माईकच्या केबलमधून तो टोकाला आदळून मागे फिरतो. मग दिवे उगाच लुकलुकतात, मूव्हिंग हेड आपोआप मान फिरवतो, आणि दोष कन्सोलला दिला जातो. एका शाळेत मला सर्वांनी सांगितले होते की कन्सोल खराब आहे. केबल बदलली आणि तोच कन्सोल पुढे वर्षानुवर्षे चालला.

नियम थोडेच आहेत. एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करावी. मध्येच साध्या जोडाने फाटे फोडू नयेत, फाटा लागलाच तर स्प्लिटर घ्यावा. एका साखळीत ३२ पेक्षा जास्त उपकरणे नसावीत. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर लावावा, तो अगदी थोड्या पैशांत येतो. आणि आगीचे खेळ किंवा वर-खाली होणारे नेपथ्य डीएमएक्सवर कधीही चालवू नये. सिग्नल बरोबर पोहोचला की नाही हे तपासण्याची सोय या भाषेत नाही, आणि रंगमंचावर आपली मुले उभी असतात.

गैरसमज ७ : महागाची वस्तू आहे, मुलांनी हात लावू नये.

वस्तुस्थिती : हात न लागल्यानेच कन्सोल मरतो. बाहेरच्या ऑपरेटरच्या भरवशावर घेतलेला बोर्ड तो ऑपरेटर येईनासा झाला की बंद पडतो. ज्या शाळेत आठवी-नववीची चार मुले बोर्ड शिकतात आणि दहावीला जाताना पुढच्यांना शिकवून जातात, तिथे तो टिकतो. प्रत्येक वर्गात एखादे मूल असे असते की ज्याला रंगमंचावर उभे राहायचे नसते, पण नाटकात असायचे असते. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात 'गो' बटणावर बोट ठेवून बसलेल्या त्या मुलाइतके जबाबदार त्या सभागृहात कोणी नसते. पुढे एकांकिका स्पर्धांना जाणारे कितीतरी प्रकाशयोजनाकार असेच घडतात.

म्हणून निवड करताना विचारा : मेनू किती खोल आहेत? चूक झाली तर मागे जाता येते का? सगळे क्यू पेनड्राइव्हवर उतरवून ठेवता येतात का? बिघडल्यास दुरुस्ती आपल्याच जिल्ह्यात होते का? धुळीचे झाकण आणि छोटा यूपीएस कोटेशनमध्ये धरला आहे का? आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण शिक्षकांसोबत विद्यार्थ्यांनाही मिळणार का?

कन्सोल पाहायला जाल तेव्हा दुकानदाराला लखलखाट दाखवू देऊ नका. त्याला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. एक दिवा शून्यापासून तीस सेकंदांत अलगद चढवणे. दोन क्यू एकमेकांत मिसळणे. आणि आधीच भरलेल्या यादीच्या मध्ये एक नवा क्यू घालणे. मग बाजूला व्हा आणि सोबत नेलेल्या नववीच्या मुलीला त्याच तीन गोष्टी करू द्या. अर्ध्या तासात तिला त्या जमल्या, तर तो कन्सोल तुमच्या शाळेचा आहे. नाही जमल्या, तर पत्रकावर चॅनेल कितीही असोत, तो तिथेच ठेवून या.