लाख डॉलरचे उप्पीट

उपमा, उप्पीट, सांजा – नाव काहीही घ्या, आपल्या घरात त्याला मान असा कधी मिळालेला नाही. पाहुणे अवेळी आले, पोहे संपलेले निघाले, मुलांना शाळेची घाई झाली, की रव्याचा डबा खाली येतो. लग्नाच्या पंगतीत उपम्याला जागा नाही. नवी सून काय काय करते याची चौकशी होते तेव्हा “उपमा छान करते हो” असे कोणी कौतुकाने सांगत नाही. अशा ह्या बापड्या पदार्थाने १५ जून २०११ रोजी अमेरिकेत एक लाख डॉलर मिळवून दिले, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, बाईंनी दिवाळीच्या फराळाबरोबर थापाही तळायला घेतलेल्या दिसतात! पण गोष्ट अगदी खरी आहे, आणि ते डॉलर मिळवणारा माणूस आपल्या मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या वळणाचा होता. त्यांचे नाव फ्लॉइड कार्डोझ.

अमेरिकेत ‘टॉप शेफ’ नावाची पाककलेची स्पर्धा दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालत आली आहे. तीत नाव कमवायला निघालेले तरुण आचारी उतरतात. २००९ साली ब्राव्हो वाहिनीने तिचेच एक वडीलधारे भावंड काढले – ‘टॉप शेफ मास्टर्स’. ह्यात उतरायचे ते नामांकित बल्लवांनी. ज्यांची स्वतःची उपाहारगृहे आहेत, हाताखाली वीस-पंचवीस माणसे आहेत, ज्यांच्या नावाने लोक आठवडाभर आधी टेबल राखून ठेवतात, त्यांनी. बक्षिसाची रक्कम विजेत्याच्या खिशात जात नाही. त्याने आधीच नेमलेल्या धर्मादाय कार्याला जाते. मला ही योजना फार आवडली. पैशासाठी भांडणारी माणसे पडद्यावर पुष्कळ दिसतात. परोपकारासाठी घाम गाळणारी आणि शिवाय एकमेकांवर कुरघोडी करणारी माणसे पाहण्यात निराळीच मौज असते. स्पर्धेची पाच पर्वे झाली, २०१३ साली ती थांबली. मी सांगते आहे ती तिसऱ्या पर्वाची हकीकत.

ह्या पर्वात बारा बल्लव होते. सूत्रधार होते कर्टिस स्टोन नावाचे उमदे ऑस्ट्रेलियन गृहस्थ. परीक्षकांत एकाहून एक तिखट जिभेची मंडळी – जेम्स ओसलंड, गेल ग्रीन, डॅनियल फ्रीमन आणि रूथ रायशल. ह्या रायशलबाई एके काळी ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या उपाहारगृह-समीक्षक होत्या. त्यांचा त्या काळी असा दरारा, की त्या टोप आणि चष्मे बदलून, वेषांतर करून जेवायला जात. नाहीतर मालक ओळखून खास ताट वाढणार! बाईंचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

खेळाची रीत साधी. दर खेपेला आधी एक झटपट चुणूक – हाताशी घड्याळ, समोर काहीतरी विचित्र सामान, आणि करा काय करायचे ते. मग मोठी परीक्षा. तीत जो कमी पडेल त्याने आपल्या सुऱ्या गुंडाळून घरी जायचे. पडद्यावरच्या पाककलेत एक मोठी उणीव मात्र आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गाण्याची स्पर्धा असेल तर आपण गाणे ऐकतो, कुस्ती असेल तर डाव पाहतो. इथे वास नाही, चव नाही. परीक्षकाची भुवई वर गेली की आपण समजायचे, मीठ जास्त झाले असणार. म्हणजे आपण सारा खेळ पाहतो तो दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास टाकून. तरीही माणसे खिळून बसतात, त्याअर्थी त्यांना अन्नापेक्षा माणूसच पाहायचा असतो.

आणि माणूस इथे चांगलाच दिसतो. ह्या पर्वात आणखी एक हिंदुस्थानी बल्लव होते – दिल्लीचे सुवीर सरन. न्यू यॉर्कमध्ये त्यांचे ‘देवी’ नावाचे उपाहारगृह गाजलेले. एका भागात, वजन उतरवू पाहणाऱ्या मंडळींना त्यांच्या आवडीचा पदार्थ हलका करून खाऊ घालायचा होता. सरन यांच्या वाट्याला आलेल्या माणसाला हवा होता मांसाचा, चीजचा बर्गर. सरन यांनी त्याला शाकाहारी बर्गर केला आणि वर तांबड्या मांसाच्या अपायांविषयी चार शब्द सुनावले. परीक्षकांनी त्यांना घरी पाठवले. मी शाकाहारी कुटुंबात वाढलेली. मला सरन यांच्या म्हणण्यात वावगे काही दिसले नाही. पण भुकेल्या माणसाला उपदेश वाढू नये हे आमच्या आजीलाही ठाऊक होते.

कार्डोझ मात्र उपदेशाच्या वाटेला गेले नाहीत. हा गृहस्थ खाली मान घालून रांधत राहिला आणि एक एक जण गळता गळता शेवटच्या तिघांत येऊन उभा राहिला. समोर दोन कसलेल्या बायका होत्या. लॉस एंजलिसच्या ‘बॉर्डर ग्रिल’च्या मेरी स्यू मिलिकन आणि सान फ्रान्सिस्कोच्या ‘जार्दिनिएर’च्या ट्रेसी दे जार्दां. दोघींचाही लौकिक मोठा.

कार्डोझ इथवर आले ते कुठून? जन्म १९६० चा, मुंबईचा. कॉलेजात विषय घेतला होता जीवरसायन. पण आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी वाचनात आली आणि डोक्यात हॉटेल शिरले ते शिरलेच. मध्यमवर्गी घरात त्या काळी हे किती अवघड गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मुलगा प्रयोगशाळा सोडून भटारखान्यात जातो म्हणतो! त्यांनी मुंबईत हॉटेलचे शिक्षण घेतले, पुढे स्वित्झर्लंडला जाऊन घेतले, आणि मग न्यू यॉर्क गाठले. तेथे ‘लेस्पिनास’ नावाच्या बड्या फ्रेंच धाटणीच्या उपाहारगृहात ग्रे कुन्झ ह्या नामवंत बल्लवाच्या हाताखाली ते मुख्य आचाऱ्याच्या खालोखालच्या जागेपर्यंत चढले.

त्या सुमारास अमेरिकेत हिंदुस्थानी खाणे म्हणजे काय समजत? स्वस्तात पोटभर, दुपारच्या वेळी ओळीने मांडलेली पातेली, सगळ्यांत एकच तांबडी-पिवळी ग्रेव्ही. फ्रेंच जेवणाला लोक खुशाल शंभर डॉलर मोजत आणि आपल्या जेवणाला दहा मोजताना कुरकुरत. १९९८ साली डॅनी मायर ह्या उपाहारगृहांच्या मोठ्या मालकाने मॅडिसन चौकात ‘तबला’ उघडले आणि त्याची पाकशाळा कार्डोझ यांच्या स्वाधीन केली. तेथे मासे, भाज्या अमेरिकेतल्या, शिजवण्याची शिस्त फ्रेंच, आणि मसाला मुंबई-गोव्याचा. वरच्या मजल्यावर थाटाचे जेवण. खाली ‘ब्रेड बार’मध्ये रोट्या, नान आणि घरगुती पदार्थ. रूथ रायशल जेवून गेल्या आणि १९९९ साली त्यांनी ‘तबला’ला तीन तारे दिले. ‘टाइम्स’च्या चार ताऱ्यांच्या हिशेबात तीन तारे म्हणजे केवढा मान, हे त्या धंद्यातलेच जाणोत.

पण उपाहारगृहाचे आयुष्य माणसाहूनही बेभरवशाचे. २०१० च्या अखेरीस ‘तबला’ बंद झाले. बारा वर्षांचा संसार आवरला. म्हणजे २०११ च्या वसंतात घरोघर ही स्पर्धा दिसू लागली तेव्हा ‘तबल्याचे कार्डोझ’ म्हणून लोक ज्यांना ओळखत होते, त्यांचा तबलाच उरला नव्हता. अशा वेळी मनुष्य काहीतरी दिपवून टाकणारे करायला धावतो. सोन्याचा वर्ख, धूर, फेस, काचेच्या घंटा! शेवटच्या फेरीत तीन पदार्थांचे, आयुष्यभर आठवेल असे जेवण करायचे होते, आणि त्यात स्वतःच्या आठवणीतला पदार्थ हवा होता. कार्डोझ यांनी पहिला पदार्थ काढला तो उपमा.

ऐकूनच माझ्या काळजात धस्स झाले. कारण उपमा म्हणजे बेइमान पदार्थ! कढईतून उतरताना मऊसूत, लुसलुशीत; दहा मिनिटे जाऊ द्या, की थापी मारून भिंत लिंपावी असा घट्ट. पिठातला शिजून फुगलेला अंश निवताना पुन्हा आवळून बसतो, त्याचा हा परिणाम. आणि स्पर्धेत तर वाढणे, नेणे, परीक्षकांचे बोलणे ह्यांत वेळ जाणारच. कार्डोझ यांनी तो पोलेंट्यासारखा सैल केला. पोलेंटा म्हणजे इटलीतल्या गोरगरिबांची मक्याच्या भरडीची घाटी. तीही तिथली उपेक्षितच, पुढे श्रीमंतांच्या टेबलावर गेली. उपम्यात त्यांनी नारळाचे दूध आणि कोकम घातले आणि जोडीला रानातली अळंबी दिली.

ही यादी वरवर पाहिली तर विक्षिप्त वाटते. पण जरा विचार करा. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा जिभेवर साय धरतो, तो कापायला कोकमाचे आंबट. हे तर आपल्या सोलकढीचेच सूत्र. आणि अळंबी? गोव्यात नि कोकणात पावसाळ्यात वारुळांवर रानअळंबी उगवते तेव्हा बाजारात तिची केवढी झुंबड, काय तो भाव! परीक्षकांना ह्यात नवलाई दिसली असेल. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात घरच दिसेल.

मी हा प्रकार घरी करून पाहिला हे निराळे सांगायला नको. आमच्या सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांनी कढईत डोकावून विचारले, “उपम्यात कोकम? मग सोलकढीत काय रवा घालणार आहेस का गं?” मी म्हटले, “आई, ह्याला अमेरिकेत लाख डॉलर मिळालेत.” “मिळू देत. आधी कोकम घालून नारळाचे दूध उकळवू नको, फाटेल ते,” असे म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या. रवा मंद आचेवर भाजून घेतला, मोहरी, आले, हिरवी मिरची, कढीलिंब. पाणी नेहमीच्या दीडपट. नारळाचे दूध शेवटी, आणि कोकमाचे आगळ विस्तव बंद केल्यावर. बाजारची पांढरी अळंबी लोण्यावर करपत आणून वर ठेवली. सासूबाईंनी दोनदा घेतला. मत विचारले तेव्हा म्हणाल्या, “उपमा नाही हा. पण वाईट नाही.” आमच्या घरात तीन तारे म्हणतात ते ह्यालाच.

परीक्षकांनी मात्र हातचे राखून ठेवले नाही. उपम्याने आरंभलेल्या जेवणावर कार्डोझ जिंकले. एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पंचेचाळीस लाख रुपये, न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या कर्करोग-संशोधन निधीला गेले. जीवरसायन सोडून कढईपाशी गेलेल्या मुलाने शेवटी प्रयोगशाळेचे देणे असे फेडले, तेही रव्याने.

ह्या विजयाने त्यांचा धंदा सोपा झाला असे नाही. २०१२ मध्ये त्यांनी मायर यांच्यासाठी ‘नॉर्थ एंड ग्रिल’ सांभाळले. २०१६ मध्ये सोहो भागात ‘पाववाला’ काढले, त्याचे पुढे ‘बॉम्बे ब्रेड बार’ झाले, आणि २०१९ मध्ये तेही मिटले. न्यू यॉर्कने त्यांना डोक्यावर घेतले आणि भाडेही वसूल केले. पण मधल्या काळात ते आपल्याकडे परतू लागले होते. २०१५ साली दोन तरुण भागीदारांबरोबर त्यांनी लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात ‘बॉम्बे कँटीन’ उघडले. त्या मुंबईत परदेशी पदार्थ म्हणजे प्रतिष्ठा आणि आपला पदार्थ म्हणजे घरचे, असा हिशेब होता. तेथे देशी भाज्या, देशी धान्ये मानाने पानात आली. २०१७ साली वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या चवीचे ‘ओ पेद्रो’ आले. २०२० च्या मार्चमध्ये भायखळ्याला ‘बॉम्बे स्वीट शॉप’ – बर्फी, लाडू, चिक्की ह्यांना नवा पोशाख घालणारे मिठाईचे दुकान.

त्या दुकानाच्या निमित्ताने ते मुंबईत होते. ८ मार्चला येथून निघाले, अमेरिकेत पोहोचल्यावर ताप भरला. २५ मार्च २०२० रोजी न्यू जर्सीतील मॉंटक्लेअर येथे करोनाने त्यांचा अंत झाला. वय ५९. त्यांना घडवणारे ग्रे कुन्झ त्याच महिन्यात, वीस दिवस आधी गेले होते.

भायखळ्याचे नवे दुकान त्या दिवशी बंद होते. देशातल्या टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस होता.