रस्ता कोणाच्या खात्यावर?

ठाण्याचा नौपाडा, कल्याणचा शिवाजी चौक, डोंबिवलीचा फडके रोड. संध्याकाळी सातच्या सुमारास लोकल रिकामी झाली की या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. भाजीची पिशवी आणि बोटाला धरलेले नातवंड सांभाळत माणसे घराकडे निघतात. त्याच रस्त्यांवर भाद्रपदात मंडप उभे राहतात, नवरात्रात कमानी लागतात आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचा कर्णा वाजत असतो. धर्मनिरपेक्ष राज्यात धर्माचे स्थान कोणते, हा प्रश्न आपण संसदेच्या आणि पंडितांच्या हवाली करून मोकळे होतो. खरे तर तो रोज आपल्या पायांत येतो.

ठाण्यातल्याच एका डॉक्टरांनी तो न्यायालयात नेला. डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवांतला गोंगाट आणि रस्त्यांवरचे मंडप यांविरुद्ध २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने १६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल दिला. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि रहदारी अडवून मंडप घालण्याचा हक्क कोणालाही नाही, असा त्याचा मथितार्थ. तोही कोणत्याही एका धर्मासाठी नव्हे, सर्वांसाठी.

यात नवे काय होते? फारसे काहीच नाही. प्रास्ताविकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द १९७६ साली आला. पण मूळ घटनेतल्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचे स्वातंत्र्य देतानाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घातली होती. घटनाकारांनी धर्माला घरात कोंडले नाही आणि रस्ताही त्याला आंदण दिला नाही.

आता दुसरी बाजू. देव देवघरातच ठेवा, हे सांगणे सोपे. पण लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते लोक एकत्र यावेत म्हणूनच. चाळी पाडून टॉवर उभे राहिले, शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवरून कळू लागले; अशा वेळी चार बिऱ्हाडे एकत्र बसतात ती मंडळाच्याच आरतीला. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली. तिचे लोण गावोगाव पसरले, कारण माणसांना एकमेकांना भेटायचे होते. यात्रा सकाळी निघते आणि काही तासांत रस्ता पुन्हा सर्वांचा होतो. ही भूक खोटी नाही. धर्म सार्वजनिक जीवनातून हद्दपार करू पाहणाऱ्यांना ती दिसत नाही, हा त्यांचा दोष.

मात्र आपली एक खोड आहे. आपल्याला त्रास होतो तो नेहमी दुसऱ्याच्या भोंग्याचा. १२ एप्रिल २०२२ रोजी ठाण्यातल्याच सभेत राज ठाकरे यांनी मशिदींवरचे भोंगे उतरवण्यासाठी ३ मेची मुदत दिली. नियमांवर बोट ठेवले गेले आणि मग शिर्डीतल्या काकड आरतीचा ध्वनिवर्धकही बंद झाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालचा नियम कोणाचा धर्म विचारत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका चर्चला सांगितले तेच २०१६ साली ठाण्याच्या याचिकेवर मंडपवाल्यांना ऐकावे लागले आणि जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या मशिदींच्या प्रकरणातही उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. राज्य धर्मनिरपेक्ष आहे की नाही याची कसोटी हीच: तिघांना एकच उत्तर मिळते का? एकाला सूट आणि दुसऱ्याला नोटीस अशी वागणूक सुरू झाली की कायद्यावरचा भरवसा जातो.

उमेदीची सारी वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे माझा हिशेब बँकेच्याच भाषेत होतो. रस्ता हे संयुक्त खाते आहे. त्यात प्रत्येक नागरिकाचे नाव आहे. दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीचे, हृदयाचा झटका आलेल्या आजोबांचे आणि मुळीच देव न मानणाऱ्याचेही. सणासुदीला एखाद्या खातेदाराने थोडी उचल केली तर कोणी कुरकुरत नाही. मात्र ती ठरल्या मुदतीत परत यायला हवी आणि इतरांनाही त्याच अटींवर मिळायला हवी. महापालिका आणि पोलीस हे या खात्याचे केवळ व्यवस्थापक. एखाद्या नेत्याच्या फोनवरून कोणा एकालाच मुक्तहस्ते पैसे देणाऱ्या मॅनेजरला बँकेत चौकशीला सामोरे जावे लागते.

यंदा आपल्या मंडळाच्या, जमातीच्या किंवा मंदिराच्या बैठकीत वर्गणीचा आकडा ठरण्याआधी दोन प्रश्न विचारून पाहा. मंडप उभा राहिल्यावर रुग्णवाहिका सरळ जाईल का? आणि उद्या दुसऱ्या धर्माच्या लोकांनी एवढीच जागा, एवढाच वेळ मागितला, तर आपण आनंदाने देऊ का? उत्तर 'हो' असेल, तर बाप्पा खुशाल रस्त्यावर येऊ द्यात.