यंदा कुठली शर्यत धरायची?

गणपती जवळ आले की बोईसर-पालघरच्या धावणाऱ्या मंडळींत एकच विषय निघतो: यंदा कुठली धरायची? मुंबई मॅरेथॉनची नोंदणी सुरू झालेली असते, साताऱ्याची शर्यत तोंडावर असते किंवा नुकतीच झालेली असते, आणि वसई-विरारच्या तारखेकडे डोळे लागलेले असतात. त्यात अलीकडे एखाद्याची मुलगी अमेरिकेतून फोनवर सांगते, ‘बाबा, इकडे डिस्नेची शर्यत आहे, त्याच सुमाराला या ना.’ अंतर सगळीकडे तेच, हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर आणि फुल म्हणजे ४२.२. निवड ठरते ती शिफ्ट, रजा, गाडी आणि घरच्यांची सोय यांवर.

तारापूर एमआयडीसीत बहुतेकांची ड्युटी तीन पाळ्यांत फिरते. नाइट करून आलेल्या माणसाने त्याच सकाळी लाँग रन काढू नये, हे इथल्या प्रत्येक जुन्या धावपटूला ठाऊक आहे. हवेचाही विचार करावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. म्हणून पहाटे आधी वारा कुठला आहे ते बघायचं, मग रस्ता धरायचा. कुणी चिंचणी-नांदगावच्या किनाऱ्याकडे जातं, पालघरची मंडळी केळवे-माहीमकडे किंवा कोळगावच्या नव्या जिल्हा मुख्यालयाच्या बाजूला निघतात. अशा हवेत, अशा वेळापत्रकात जो चार महिने सराव टिकवतो, त्याला शर्यत विचारपूर्वकच निवडली पाहिजे. एक रविवार चुकला तर आख्खा हंगाम हातचा जातो.

पहिली शर्यत धावणाऱ्याला मी डोळे मिटून वसई-विरार सांगतो. वसई-विरार महापालिका २००९ साली स्थापन झाली आणि २०११पासून तिची राष्ट्रीय पातळीवरची महापौर मॅरेथॉन सुरू झाली. तेव्हा पालघर जिल्हाही नव्हता, तो झाला १ ऑगस्ट २०१४ला. म्हणजे ही शर्यत जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी. कोविडची दोन वर्षं सोडली तर दर वर्षी ती होत आली आहे. इथे पुढे धावणारे असतात ते देशातले कसलेले धावपटू, त्यांत सैन्यदलातली मुलं बरीच. त्यांच्या मागे आपल्यासारखे हौशी, आणि दोन्ही बाजूंना गावं. मला या शर्यतीचं मोल वाटतं ते त्या गावांमुळे. रस्त्याकडेला उभ्या बायका, शाळेची पोरं, सकाळी मिस्साला निघालेली माणसं टाळ्या वाजवतात, आणि छातीवरच्या बिबवर नाव असेल तर ते वाचून हाक मारतात. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उचलत नाहीत तेव्हा अशी एक हाक फार कामाला येते.

तारखेचाही हिशेब जुळतो. वसई-विरार डिसेंबरच्या पूर्वार्धात, मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, मध्ये पाच-सहा आठवडे. मुंबईत फुल करायची असेल त्याने वसईत हाफ मारावी. वेग कळतो, बूट कुठे चावतात ते कळतं, पोटाला सकाळी काय चालतं तेही कळतं, आणि दमलेलं शरीर भरून यायला पुरेसे दिवसही मिळतात.

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावली गेली १५ फेब्रुवारी २००४ला. तेव्हा तिच्या नावापुढे एका परदेशी बँकेचं नाव होतं, २०१८पासून टाटांचं आहे. फुल सुटते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, हाफ मुंबईतल्या माहीमहून. सागरी सेतूवरून पहाटेचा समुद्र दिसतो, पेडर रोडच्या चढावर इमारतींतली माणसं खाली येऊन संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं देतात. ड्रीम रनमध्ये तर वेशभूषा करून, फलक घेऊन धावणाऱ्यांचा मेळाच असतो. या शर्यतीइतकी मोठी गर्दी आपल्याकडे दुसरीकडे नाही.

पण बोईसरच्या माणसाला ती महागात पडते, आणि खर्च नुसता पैशांचा नसतो. बिब घ्यायला एक्स्पोला स्वतः जावं लागतं, तेही शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे एक रजा तिथेच गेली. शर्यतीच्या पहाटे पश्चिम रेल्वे विरारहून चर्चगेटकडे जादा लोकल सोडते. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, पण त्या वेळेला विरार गाठून देणारी गाडी बोईसरहून मिळत नाही. मग बोरिवलीत मावशीकडे, नाहीतर दादरला मित्राच्या खोलीवर आदल्या रात्री मुक्काम. जेमतेम तीन-चार तास झोप, तीही परक्या अंथरुणावर. फुलसाठी आधीच्या शर्यतीतल्या वेळेचं प्रमाणपत्रही लागतं. वसई-विरारचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं ते यासाठी, पुढच्या वर्षीच्या अर्जाला ते उपयोगी पडतं.

साताऱ्याची गोष्ट वेगळी. २०१२पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्याने वर जाते आणि तिथूनच परत फिरते. साधारण निम्मं अंतर चढ, निम्मं उतार. २०१५ साली डोंगरावरच्या शर्यतीतल्या सर्वाधिक धावपटूंचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. किनाऱ्यावरच्या सपाटीत वाढलेल्यांना घाटाची भीती वाटते, पण आपल्याकडे पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे. पावसाळ्यात तिथे चार-सहा रविवार चढून बघा. वाघोबाच्या देवळापर्यंत न थांबता पोचलात की यवतेश्वर जमतो. फक्त उजाडल्याशिवाय तिथे एकट्याने जाऊ नये, कारण बिबट्याचा वावर आहे. साताऱ्यात उतारावर गुडघे दुखावणारेच जास्त भेटतात, तेव्हा खिंडीत उतरण्याचा सरावही तितकाच करायचा.

आता अमेरिकेतून येणाऱ्या त्या फोनबद्दल. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पहिली मॅरेथॉन झाली १९९४च्या जानेवारीत. आज तिथे वर्षातून चार वेळा गुरुवार ते रविवार असा शर्यतींचा सोहळा असतो. जानेवारीचा मुख्य मॅरेथॉनचा, फेब्रुवारीचा राजकन्यांचा, एप्रिलचा वसंताचा आणि शरद ऋतूतला खाद्यपेयांचा. प्रत्येकाची पदकं, टी-शर्ट आणि रस्त्यावर भेटणारी पात्रं निराळी. फुल मॅरेथॉन चारही उद्यानांतून जाते. सगळ्यांत अवघड आव्हान डोपीच्या नावाचं: चार दिवसांत ५ किलोमीटर, १० किलोमीटर, हाफ आणि फुल, मिळून ७८ किलोमीटर, आणि शेवटी गळ्यात सहा पदकं.

काही धावपटू याला पोरखेळ म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला सुमारे दहा मिनिटं, हा तिथला नियम आहे. त्याच गतीने सगळ्यांच्या मागून फुगे बांधलेल्या बायका चालत येतात. त्यांच्या फार मागे पडलेल्याला बसमध्ये बसवून नेतात. तेवढी गती राखून वाटेत मिकी किंवा गुफीबरोबर फोटोच्या रांगेत थांबायचं, तर रांगेत गेलेली मिनिटं आधीच पळून कमवावी लागतात. पहाटे अडीच-तीनला हॉटेलातून बस, पाचच्या सुमाराला सुरुवात. हे सगळं पार पाडणाऱ्या माणसाला शिस्त नाही असं कोण म्हणेल? २०१७च्या जानेवारीत विजांच्या धोक्यामुळे तिथली हाफ रद्द झाली, तेव्हा कितीतरी जणांनी हॉटेलांच्या आवारात फेऱ्या मारून २१ किलोमीटर पुरे केले.

मात्र निवडताना आई-वडिलांचा व्हिसा आणि मुलांच्या रजा यांचाच विचार आधी करावा. आपल्याकडची मंडळी बहुधा उन्हाळ्यात अमेरिकेला जातात आणि फ्लोरिडाच्या त्या दमट उन्हाळ्यात डिस्नेची शर्यत नसते. जानेवारीची धरली तर मुंबई हुकते. दिवाळी मुलीकडे करणार असाल तर शरद ऋतूतली जमते. हाफची नोंदणीच दोनशे डॉलरच्या पुढे जाते, उद्यानाचं तिकीट आणि हॉटेल वेगळं, आणि जागाही झटपट भरतात. एवढा खर्च नुसत्या वेळेसाठी करू नये. वेळ काढायची तर मुंबई आहे. नातवंडांसह चार दिवस घालवायचे आणि त्यातली एक पहाट स्वतःसाठी ठेवायची, असं असेल तर जरूर जावं.

डिस्नेकडून एक गोष्ट मात्र पालघरने घ्यावी असं मला मनापासून वाटतं: शर्यतीला त्या जागेचा चेहरा देणं. माहीमच्या वाडीतून केळव्याच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता सुरूच्या झाडांखालून जातो. तिथे हाफ ठेवली, पदकावर वारली चित्र कोरलं, वळणावर तारपा वाजत असला आणि सातपाटीच्या कोळणींनी पाणी दिलं, तर मुंबईहूनही लोक येतील. त्यासाठी आधी पालघर स्थानकातून पहाटे किनाऱ्यापर्यंत जादा एसटी हवी, दर दोन-अडीच किलोमीटरला पाण्याचं टेबल हवं, रुग्णवाहिका हव्यात. आणि तारीख ठरवताना एमआयडीसीच्या शिफ्टचं वेळापत्रक समोर ठेवायला हवं, म्हणजे नाइटवाल्यालाही धावता येईल.