फोटोसोबत पत्ताही जातो: मार्कंड्याचं देऊळ, गिधाडाचं घरटं आणि आमचा ग्रुप

(या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं...' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये इयरफोन लावून ऐकणारे आणि डेटा संपत आला म्हणून इथे येऊन वाचणारे, दोघांचंही स्वागत.

आज एक कबुली द्यायची आहे. आणि ती देता देता थोडं टेक्निकलही समजावून सांगायचंय. घाबरू नका, कोड नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, पण घर चामोर्शीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. सुट्टीत घरी आलो की आमच्या फोटोग्राफी क्लबसोबत भटकतो. क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. दोन शिक्षक, एक मेडिकल स्टोअरवाला, कॉलेजची तीन-चार पोरं, एक रिटायर्ड सर आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. महिन्यातून एकदा कुठेतरी जायचं आणि रात्री ग्रुपवर फोटो टाकायचे. मग 'वा', 'जबरदस्त', 'लेन्स कोणती?' हे सगळं ओघाने आलंच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मार्कंड्याला गेलो होतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा इथे वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते. त्या वळणावर दगडी देवळांचा समूह आहे. कोरीवकाम इतकं दाट की लोक त्याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आम्ही यात्रेच्या आधी गेलो, गर्दी नको म्हणून.

देवळाचे फोटो झाले. परतताना आडरस्त्याने आलो आणि एका उंच झाडावर गिधाडाचं घरटं दिसलं. पांढऱ्या पाठीचं गिधाड, घरट्यावर बसलेलं. आम्ही लांबूनच, गाडीजवळ उभं राहून फोटो घेतले आणि पाच मिनिटांत निघालो. नियम पाळला म्हणून छान वाटलं.

रात्री ग्रुपवर टाकायची वेळ आली. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून मी हुशारी केली. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, क्वालिटी जाऊ नये म्हणून. इथेच चुकलो.

आठवड्याने मला एक फोटो आला. तेच झाड, तेच घरटं, पण अगदी झाडाखालून काढलेला. पाठवणारा आमच्या क्लबातला नव्हता, दुसऱ्या गावच्या ग्रुपमधला ओळखीचा भाऊ. मी विचारलं, "तुम्हाला जागा कोणी सांगितली?" तो म्हणाला, "अगा, तूच तं पाठवली होती ना! फोटो उघडला, मॅप आला, गेलो. आम्ही आठ-दहा जण होतो."

मी कुणालाही जागा सांगितली नव्हती. माझ्या फोटोने सांगितली होती.

फोटोच्या पोटात काय असतं?

मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे नुसतं चित्र नाही. त्या फाइलच्या आत एक चिठ्ठी असते, तिला 'एक्झिफ' म्हणतात. हा फॉरमॅट जपानमध्ये १९९५ साली तयार झाला. कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर स्पीड, तारीख, वेळ, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. फोटोग्राफीवाल्यांसाठी ते सोनं आहे, कारण 'हा फोटो कसा काढला' हे त्यातून शिकता येतं.

कॅमेरा ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर त्याच चिठ्ठीत अक्षांश-रेखांशही जातात. आता थोडं गणित बघू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. आकडा चार दशांश स्थळांपर्यंत असेल तर अंतर येतं ११ मीटरवर. पाच स्थळांपर्यंत असेल तर साधारण एका मीटरवर! झाडांखाली जीपीएस थोडं चुकतं हे खरं, पण रस्त्याकडेचं एक मोठं झाड शोधायला तेवढं पुरेसं आहे.

"माझा तर डीएसएलआर आहे" म्हणणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. बऱ्याच कॅमेऱ्यांत जीपीएस नसतं, पण कंपनीच्या ॲपने तो मोबाइलला जोडला तर फोनचं लोकेशन फोटोत लिहिलं जाऊ शकतं.

कुठून पाठवलं तर काय जातं?

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, चिठ्ठीसकट. टेलिग्रामवरही 'फाइल' म्हणून पाठवलं तर तेच. ड्राइव्हवर ओरिजिनल टाकून लिंक दिली, तरीही तेच. इन्स्टाग्राम लोकांना दिसणाऱ्या फोटोतून ही माहिती काढून टाकतं, पण आपण स्वतःच वरती लोकेशन टॅग लावला तर काय उपयोग!

म्हणजे गंमत बघा. जो माणूस क्वालिटीची काळजी करतो, तोच पत्ता वाटत सुटतो. फोटोग्राफी क्लब म्हणजे अशाच माणसांचा गोतावळा.

एवढं काय बिघडतं?

हे मला त्या भावानेही विचारलं. "पाहूनच तं आलो, काही केलं नाही." त्याचं खोटं नव्हतं. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं काही दशकांत जवळपास नव्याण्णव टक्के कमी झाली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध त्याचं मुख्य कारण होतं आणि २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. आमच्या जिल्ह्यात उरलेल्या गिधाडांना सुरक्षित खाणं मिळावं म्हणून वनविभागाने खास जागा केल्या. एवढं करून वाचवलेल्या पक्ष्याच्या घरट्याखाली आठ-दहा माणसं उभी राहिली, पक्षी उडून गेला आणि अंडं किंवा पिल्लू उघडं पडलं, तर ते वर्ष वाया.

आणि सगळेच फक्त पाहायला येत नाहीत. २०१३ साली मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यात जीपीएस कॉलर होती. तिची माहिती ज्या ईमेल खात्यावर यायची, त्यात कुणीतरी घुसायचा प्रयत्न केला. कुठून? चक्क पुण्यातून! सर्व्हरने तो अडवला म्हणून बरं. त्या माणसाचा हेतू काय होता ते सोडून देऊ. मुद्दा हा की वाघाचा पत्ता ही किमती वस्तू आहे आणि त्यासाठी पासवर्ड फोडायची तयारी असलेले लोक आहेत. आपण तर तो फुकट फॉरवर्ड करतो.

ताडोबा इथून फार लांब नाही. तिथे सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत. पण चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ काही फक्त गेटच्या आत राहत नाहीत. शेताच्या बांधावर काढलेल्या फोटोला कोणतं गेट अडवणार?

मग लोकेशन कायमचं बंद करायचं?

मी घाईघाईत ग्रुपवर तसंच लिहिलं: 'आजपासून सगळ्यांनी लोकेशन बंद.' तेव्हा आमच्या रिटायर्ड सरांनी मला थांबवलं.

त्यांच्याकडे मार्कंड्याचे जुने प्रिंट आहेत, रोल कॅमेऱ्याच्या काळातले. त्यांनी चार प्रिंट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "सांग बरं, ही मूर्ती कोणत्या भिंतीवरची? उत्तरेकडची की दक्षिणेकडची? कोणत्या वर्षीची?" मला सांगता येईना. त्यांनाही आठवेना. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यांचा मुद्दा पटला. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात मार्कंड्याला आला, १८७९ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. देवळांची मापं, जागा, वर्णन त्याने लिहून ठेवलं, म्हणून आज आपण तुलना करू शकतो. देवळाची पडझड जुनी आहे, पुरातत्त्व खात्याचं जतनाचं कामही झालंय. अशा ठिकाणी कोणता दगड कुठे होता, कोणत्या वर्षी भेग नव्हती आणि कधी दिसली, हे तारीख-जागा असलेल्या फोटोवरूनच कळतं. देवळाचा पत्ता कुणापासून लपवायचा नाहीये. उलट तो फोटोतून हरवला की फोटो निम्मा मुका होतो.

म्हणजे एकच सेटिंग सगळीकडे चालत नाही. दगड जागेवरून पळून जात नाही, त्याचा पत्ता जपायचा. जो जीव पत्ता कळला की धोक्यात येतो, त्याचा पत्ता काढायचा.

आता आम्ही काय करतो

१. देवळं, शिलालेख, वीरगळ, जुने वाडे: लोकेशन चालू. कॅप्शनमध्ये भिंतीची दिशा आणि तारीख. ओरिजिनल फाइल एका ड्राइव्हमध्ये जपून.

२. घरटं, पिल्लं, गुहा, वाघ, गिधाड: लोकेशन काढूनच पाठवायचं. आयफोनवर शेअर करताना वरती 'ऑप्शन्स' येतं, तिथे लोकेशन बंद करा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग जंगलात शिरण्याआधीच बंद करा. नंतर शंका आली तर गॅलरीत फोटो उघडून त्याचे डिटेल्स बघा. नकाशा दिसला, तर समोरच्यालाही दिसेल.

३. कॅप्शनमध्ये फक्त जिल्हा. 'अमुक नाल्याजवळ, तमुक फाट्यावरून डावीकडे' असं लिहायचं नाही. मागे किलोमीटरचा दगड किंवा देवळाचा कळस दिसत असेल तर क्रॉप करायचा. पत्ता चिठ्ठीतूनच जातो असं नाही.

४. लगेच टाकायचं नाही. घरट्याचा हंगाम संपू द्या. फोटो शिळा होत नाही.

५. नोंद करायची असेल तर योग्य जागी करा. वनरक्षकाला सांगा. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, नकाशावरचा ठिपका साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात. ईबर्डवरही संवेदनशील पक्ष्यांसाठी अशी सोय आहे. अभ्यासाला माहिती मिळते आणि झाडाखाली गर्दी होत नाही.

त्या घरट्याचं काय झालं, असं विचाराल. महिन्याभराने मी त्या रस्त्याने गेलो, गाडीतूनच पाहिलं. घरटं होतं, गिधाड नव्हतं. ते आमच्यामुळे गेलं की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही. पण 'आमच्यामुळे नाही' असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ते डोक्यातून जात नाही.

तो भाऊ आता आमच्याच ग्रुपमध्ये आहे. परवा त्याने घुबडाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं: 'गडचिरोली जिल्हा. पुढचं विचारू नका गा.'

हा भाग संपला की एक काम करा. गॅलरी उघडा, शेवटचा जंगलातला फोटो काढा आणि त्याचे डिटेल्स बघा. नकाशा दिसला का? मग हा भाग तुमच्या ग्रुपवर पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर फिरा, फोटो काढा, काळजी घ्या!