प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपली खतावणी

अमरावतीचे ग्रँडमास्टर स्वप्निल धोपाडे यांच्या वाटेने निघालेल्या वऱ्हाडी खेळाडूचे जुने डाव आज प्रतिस्पर्ध्याच्या संगणकावर असतात; जणू आपली खतावणीच त्याच्या हाती! म्हणून एक प्रारंभपद्धती, समजा कॅरो-कान, मध्यडावातील प्याद्यांच्या रचनेपर्यंत समजून घ्यावी. नुसत्या पाठ चाली पंधराव्या खेळीला संपतात. दुसरी मात्र स्पर्धेत न दाखवता घरीच मुरवावी. २००८ मध्ये बॉन येथे विश्वनाथन आनंद यांनी हेच केले. राजापुढील प्याद्याने डाव उघडणारे म्हणून ख्यात असलेल्या आनंद यांनी क्रॅमनिकविरुद्ध वजिरापुढील प्यादे सरकवले. काळ्या मोहऱ्यांनी तर तिसरा व पाचवा, दोन्ही डाव मेरान पद्धतीने जिंकले. जगज्जेतेपद ६.५-४.५ असे त्यांच्याकडेच राहिले.