एरंडेलाकडून विजेकडे

जुन्या घड्याळाला नवा पट्टा लावला तर कोणी काही बोलत नाही. पण त्यातली चावी काढून सेल बसवला, की घरातली वडीलधारी मंडळी नाराज होतात. घड्याळ वेळ बरोबर दाखवते, टिकटिकही करते. मग तक्रार कशाची? वस्तूचे रूप कायम ठेवून तिचे काळीज बदलले, तर ती वस्तू तीच राहते का, हा तो जुना प्रश्न. आमच्या घरी गेल्या वर्षी त्यावर दोन महिने वाद रंगला. निमित्त होते एका लढाऊ विमानाचे. घाबरू नका, विमान चाळीस इंचांचे होते.

माझे वडील, अण्णा, तरुणपणी एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करायला शिकले. १९७८ साली बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामाने त्यांना एक खोका आणून दिला. त्यात बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, नकाशा आणि झिरझिरीत कागद होता. त्यातून तयार व्हायचे होते हॉकर हरिकेन. खऱ्या हरिकेनचे पंख चाळीस फूट लांब होते. इथे फुटाला इंच हे प्रमाण. अण्णांनी वर्षभर रात्री जागून सांगाडा जोडला. पण रेडिओ कंट्रोलचा संच विकत घेणे त्या काळी पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. विमान माळ्यावर गेले आणि तिथेच राहिले.

हरिकेनच का, असे मी एकदा विचारले होते. अण्णा म्हणाले, ‘‘नाव स्पिटफायरचं झालं, काम हरिकेननं केलं.’’ त्यात तथ्य आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. १९४० मधल्या ब्रिटनच्या लढाईत स्पिटफायरपेक्षा जास्त शत्रुविमाने हरिकेननी पाडली. आपल्या हवाई दलाशीही त्याचे नाते आहे. १९४४ साली इंफाळच्या मोहिमेत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली स्क्वाड्रन हरिकेनच चालवत होती. या विमानाची मागची बाजू म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेले कापड. म्हणजे खरे विमानही थोडेफार आमच्या माळ्यावरच्या विमानासारखेच!

अण्णांनी त्यासाठी अडीच सीसीचे ग्लो इंजिन जपून ठेवले होते. या इंजिनाला मेथॅनॉल आणि एरंडेल यांचे मिश्रण लागते. सुरू करताना प्लगमधली प्लॅटिनमची तार बॅटरीने तापवायची आणि पंखा बोटाने झटका देऊन फिरवायचा. एकदा इंजिन पेटले, की तार आपोआप तापलेली राहते. आवाज कानठळ्या बसवणारा, आणि उड्डाणानंतर विमानापासून शर्टापर्यंत सगळे एरंडेलाने माखलेले. अण्णांच्या लेखी हाच खरा आनंद. पण आता त्यांचे वय चौऱ्याऐंशी आणि हात थरथरतात. त्या पंख्याजवळ बोट नेणे त्यांच्याने शक्य नव्हते. विमान त्यांच्या डोळ्यांसमोर उडायचे, तर वीज हाच मार्ग होता. मी तसे सुचवताच उत्तर आले, ‘‘म्हणजे आता मिक्सरची मोटर लावून हरिकेन उडवणार?’’

गंमत म्हणजे विजेवरचे विमान ही काही कालची टूम नाही. ब्रिटनच्या कर्नल टॅप्लिन यांनी १९५७ साली रेडिओने चालणारी प्रतिकृती विजेवर उडवून दाखवली. ऑस्ट्रियात १९७३ साली एका मोटर-ग्लायडरचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली गेली आणि त्यात माणूस बसून उडालाही. पण बॅटरी जड, त्यामुळे उड्डाण जेमतेम दहा मिनिटांच्या आसपासचे. १९८०च्या दशकात निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक आले, पुढे ब्रशलेस मोटर आणि हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या, आणि चित्र पालटले. आपल्या हातातला मोबाइल आणि हे छंदाचे विमान एकाच शोधाचे लाभार्थी आहेत.

आमचा हिशेब असा होता. विमान पूर्ण तयार झाल्यावर सव्वा किलोच्या आसपास भरणार. अशा विमानाला किलोमागे दोनशे ते अडीचशे वॅट शक्ती पुरते, म्हणजे सुमारे तीनशे वॅट. तीन घटांची, ११.१ व्होल्टची बॅटरी घेतली, तर सत्तावीस अँपिअर प्रवाह लागतो. २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण जोरावर पाच मिनिटेही टिकत नाही. पण सतत पूर्ण जोर लागतो कुठे? बेताने उडवले तर सहा-सात मिनिटे मिळतात आणि उतरण्यापुरती शिल्लकही राहते. अण्णांनी हा हिशेब वहीत स्वतः करून पाहिला आणि काही न बोलता वही मिटली.

खरा पेच पुढे होता. लढाऊ विमानाचे नाक आखूड असते. विमानाचा तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक-तृतीयांश भागात कुठेतरी यावा लागतो; तो मागे गेला, तर विमान हवेत ताब्यात राहत नाही. म्हणून बॅटरी शक्य तितकी पुढे हवी. शिवाय प्रत्येक उड्डाणानंतर ती बदलण्यासाठी झाकण हवे. म्हणजे अण्णांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जोडलेल्या पट्ट्या कापायला हव्यात. ते काम करायला माझा हात धजेना. सांगाडा चार दिवस टेबलावर तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी पाहते, तर पट्ट्यांवर पेन्सिलीची बारीक रेघ. अण्णा पेपर वाचता वाचता म्हणाले, ‘‘त्या रेघेवर काप. तिथं जोर येत नाही. आणि आतून प्लायची चौकट दे.’’

त्या रेघेनंतर वाद संपला आणि काम सुरू झाले. सुटलेले सांधे पुन्हा चिकटवले, कागद नवा ताणला. मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर तापतो, म्हणून नाकातून हवा आत घेतली आणि पोटाखालच्या रेडिएटरच्या खोक्यातून बाहेर सोडली. बाहेरची वाट आतल्यापेक्षा मोठी ठेवायची, म्हणजे हवा खेळती राहते. टाकीतले इंधन संपत जाते तसे नाक हलके होते. बॅटरीचे वजन मात्र शेवटपर्यंत तेवढेच राहते, तोल ढळत नाही. हा फायदा अण्णांनीच मला दाखवून दिला.

ज्यांच्या घरात अशा छंदाची मुले असतील, त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मोटर तपासताना पंखा काढून ठेवावा. इंजिन बोटाला अडले तर बंद पडण्याचा तरी संभव असतो. मोटर अडली, की अधिकच जोर लावते. आणि लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून घराबाहेर पडू नये. फुगलेली बॅटरी तर वापरूच नये.

डिसेंबरातल्या एका सकाळी गावाबाहेरच्या माळावर, विमानतळ आणि लष्करी हद्द दूर असल्याची खात्री करून, माझ्या भाच्याने हरिकेन सोडले. गवतावर वीस-पंचवीस पावले धावून ते उचलले गेले. आवाज फक्त पंख्याचा. वळणावर त्याने जोर कमी केला, तेव्हा पंखांवरून वाहणारा वारा ऐकू आला. अण्णा खुर्चीत मान वर करून बसले होते. ‘‘इंजिन असतं तर हे ऐकूच आलं नसतं,’’ ते म्हणाले. सहा मिनिटांनी विमान उतरले, तेव्हा त्यांनी हात लावून मोटर किती तापली ते पाहिले आणि आपला हात कोरडा आहे, हेही पाहिले.

इंजिन अजून कपाटात आहे. दर दोन महिन्यांनी अण्णा त्याला तेल देतात. पुढच्या प्लायवूडच्या भिंतीतली इंजिनाची जुनी चार भोकेही त्यांनी बुजवू दिली नाहीत. नवी मोटर त्यांच्या बाजूला वेगळी भोके पाडून बसवली आहे. पुढे कोणाला इंजिन परत लावावेसे वाटले, तर त्याला फक्त चार स्क्रू लागतील.