सीताफळाचा गर : महिला बचत गटांस एक जोडधंदा

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगा पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरल्या आहेत. जमीन हलकी व पाऊस बेभरवशाचा असला, तरी येथे सीताफळ फारशी निगा न घेताही वाढते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परंतु डोंगरातून फळे वेचून आणणाऱ्या स्त्रीच्या पदरात मात्र थोडेच पडते.

याचे कारण फळाच्या नाशवंतपणात आहे. पिकलेले सीताफळ दोन-चार दिवसांत नासते. म्हणून पाटी व्यापारी सांगेल त्या भावाने द्यावी लागते. फळांचा हा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. त्याच सुमारास ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. गावातच चार पैसे मिळाल्याखेरीज हे स्थलांतर कमी होणे कठीण आहे.

गर काढून साठविणे हा त्यावरील एक मार्ग होय. डोळे उघडलेली फळे उतरवून त्यांची प्रतवारी करावी. मोठी फळे बाजारात पाठवावीत; लहान पण निरोगी फळे गरासाठी पिकवावीत. हात व भांडी स्वच्छ ठेवून बिया वेगळ्या कराव्यात. गर तापवू नये, उष्णतेने तो कडवट होतो. तो विलंब न लावता डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवावा. बियांची पूड डोळ्यांस अपायकारक असते, हे ध्यानात ठेवावे.

एवढे भांडवल एकटीच्या आवाक्यातले नव्हे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ मध्ये सुरू झालेले 'उमेद' अभियान यांनी याचसाठी बचत गटांची वाट घालून दिली. २०२० च्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत गटातील अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येस ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. मात्र नियमित बैठक, बचत, परतफेड आणि चोख हिशेब असेल तरच बँकेचा विश्वास बसतो.

ग्रामसेवक व कृषी सहायकांनी यंत्र घेण्यापूर्वी विजेची खात्री करावी आणि गिऱ्हाईक आधी ठरवून घ्यावे. भूमिहीन व पारधी कुटुंबांतील भगिनींना गटाबाहेर ठेवू नये. फळे वेचण्यास व गर काढण्यास सातबारा लागत नाही. नव्या लागवडीसाठी अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

हिशेबाच्या वहीत फळांच्या किमतीबरोबर प्रत्येकीची मजुरीही लिहावी. ती वजा जाता जे उरेल, तोच खरा नफा समजावा.